पाचव्या खंडापासून

माझ्या काकांच्या बाहेरच्या खोलीत एक लांबलचक फळी आहे. त्या फळीवर इतिहासाची जाडजूड पुस्तकं उभी आहेत. सगळी एका उंचीची, एकाच विटकरी कापडात बांधलेली, प्रत्येकाच्या पाठीवर सोनेरी आकडा. आकडे पाचपासून सुरू होतात आणि बारावर संपतात. एक ते चार नाहीतच. त्या चारांच्या जागेवर प्लास्टरचा एक जबडा ठेवलेला आहे. बिनदातांचा.

लहानपणी त्या खोलीत एकटं बसायची माझी छाती नव्हती. मोठी झाल्यावर भीती गेली आणि तिच्या जागी चीड आली. मी औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. आठ तास एकसारख्या ओळी बघायच्या आणि एखादं लेबल जरी तिरकं दिसलं तरी मशीन थांबवायचं, हे माझं काम. माझ्यासारखीला ती अर्धवट फळी म्हणजे दाताखाली खडा. बारा खंडांचा संच, त्यातले पहिलेच चार गायब आणि मालकाला त्याचं काही नाही!

बरं, मालक कोण? तर काका. आमच्या काकांनी आयुष्यात हौसेनं कागद हातात घेतला असेल तर तो कवळीचे दात घासायचा काचकागद. शाळा त्यांनी अर्ध्यावर सोडली. घरात पुस्तक म्हणावं असं दुसरं काही नाही. मग हा आठ खंडांचा जगाचा इतिहास इथे आला कसा? हा प्रश्न मी घरात प्रत्येकाला विचारला आहे. माझे वडील म्हणायचे, "कुणीतरी गळ्यात मारला असेल. तुझा काका भिडस्त." काकूला विचारलं तर ती म्हणायची, "त्यांनाच विचार. मी त्या दिवसांत त्यांच्यावर संशय घेण्यात गुंतले होते, पुस्तकांकडे बघायला मला सवड कुठे होती?" आणि काका ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. "आले एकेक करून," एवढंच.

अशा एकसारख्या पुस्तकांची सुरुवात लोक कशी करतात याचं मला तेव्हापासून वेडच लागलं. ज्याच्या घरी असा संच दिसेल त्याला मी छेडते. आमच्या कारखान्याच्या मालकांनी काचेचं कपाट आधी घेतलं आणि मग त्याच्या मापाचे खंड शोधले. शेजारच्या नर्सताईंना एक खंड कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळाला आणि तो एकटा बरा दिसेना. मनापासून इतिहासासाठी म्हणून सुरुवात केलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आणि मग गेल्या महिन्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात, स्वयंपाकाच्या आणि शेअरबाजाराच्या पुस्तकांच्या मध्ये, मला ते विटकरी कापड दिसलं. एक, दोन, तीन, चार. दोरीनं एकत्र बांधलेले. मी घासाघीसही केली नाही. रिक्षात ते चार खंड मांडीवर घेऊन बसले तेव्हा मला वाटत होतं, आता म्हातारा खूश होऊन उडी मारेल.

उडी राहिली बाजूला. काकांनी गठ्ठ्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग दोरी सोडून पहिल्या खंडाचं पहिलं पान उघडलं, त्यावर काही लिहिलंय का ते पाहिलं आणि पान मिटलं.

"त्यांचे नाहीत," ते म्हणाले.

"कुणाचे नाहीत?"

मी जागा करायला म्हणून जबडा उचलायला गेले तर एवढ्या मोठ्यानं ओरडले की काकू आतून पळत आली.

"त्याला हात लावू नकोस!"

मला राग आला. चार जड खंड दोन जिने चढवून आणायचे आणि वर बोलणी खायची. मी म्हटलं, "काका, आज मला सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही. हा कुणाचा जबडा आहे?"

काकू पदराला हात पुसत खुर्चीत बसली. "सांगा आता," ती म्हणाली. "मलाही तुकड्यातुकड्यांनीच कळलंय."

मग काकांनी सांगितलं. त्यांना सांगता येत नाही, ते मधेच दातांत शिरतात, काकू त्यांना बाहेर ओढते. मी ते जरा सरळ करून लिहिते आहे.

काका कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर वेगळे. डॉक्टर तोंडाचं माप घेतात आणि ते माप एका डबीतून काकांकडे यायचं. काका त्यात प्लास्टर ओतायचे, जबडा तयार व्हायचा, त्यावर मेण, मेणात दात, मग मेण जाऊन गुलाबी हिरडी. घासायची, चमकवायची, डबीत घालायची, परत डॉक्टरांकडे. मागच्या खोलीत काकांचा कारखाना होता. खिडकीजवळ टेबल, टेबलावर पायानं चालणारं घासायचं यंत्र आणि तिन्ही भिंतींना जबड्यांच्या रांगा. सगळ्या वस्तूंवर पांढरी भुकटी, काकांच्या भुवयांवरसुद्धा.

या धंद्यात एक गंमत आहे, आणि ती मला त्या दिवशीच कळली. कवळी करणारा माणूस पेशंटला कधी बघत नाही. काका गावातली शेकडो तोंडं आतून ओळखायचे, पण चेहरे त्यांना माहीत नव्हते. बाजारात कुणी हसलं की त्यांना वाटायचं, अरे, हे आपलं काम! पण बोलायची सोय नव्हती. आपण केलेले दात कसे चावतात, कसे बोलतात, हे त्यांनी वीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

एक कवळी मात्र परत आली. दुरुस्त करून पाठवली, पुन्हा आली. डॉक्टर वैतागले. मोठे घाईचे गृहस्थ. काकांचं जवळजवळ सगळं काम त्यांच्याकडून यायचं, त्यामुळे त्यांचा वैताग म्हणजे घराच्या चुलीचा प्रश्न. ते म्हणाले, "बाई म्हणतात, बोलताना स ला शिट्टी वाजते. मला तर काही ऐकू येत नाही. तुम्हीच जा त्यांच्या घरी, ऐका आणि काय ते मिटवा."

बाई चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. ज्या काळात नंबर सांगितला की दुसरीकडची लाइन हातानं जोडून द्यायचे त्या काळातल्या. आवाज हीच त्यांची नोकरी होती, तेव्हा शिट्टी त्यांना कशी खपावी! खोली लहान, खिडकीत एक खुर्ची, भिंतीला एक कपाट आणि कपाटात विटकरी रंगाचा संच, एकापासून बारापर्यंत, प्रत्येकाच्या पहिल्या पानावर बाईंची सही.

काका म्हणाले, "काहीतरी बोला."

बाई म्हणाल्या, "काहीतरी काय बोलू? त्यापेक्षा वाचते." त्यांनी नुकताच पाचवा खंड हातात घेतला होता. तो उघडून त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कुठल्याशा बंदराच्या शहराला वेढा पडला होता. बाहेर समुद्रात शत्रूची गलबतं, आत धान्य संपत आलेलं, आणि शहराच्या मुख्य दरवाजाच्या किल्ल्या एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडे.

काका ऐकत होते. शिट्टी त्यांना दुसऱ्याच ओळीत ऐकू आली. पुढच्या दातांच्या मागे, टाळूच्या बाजूला बारीकसा खोलगटपणा राहिला होता, तिथून वारा निसटत होता. त्यांना वाटलं, बस, कळलं, आता थांबवावं. पण बाईंचा आवाज असा होता, आणि त्या आवाजातले दात आपण केलेले आहेत ही गोष्ट अशी होती, की ते थांबवेनात. पहारेकऱ्याचा मुलगा बाहेरच्या सैन्यात आहे असं कळलं तेव्हा बाईंनी पुस्तक मिटलं.

"ऐकलीत शिट्टी?"

"ऐकली," काका म्हणाले.

त्यांनी कवळी घरी नेली, खळगा भरला, घासून गुळगुळीत केला. गुरुवारी परत घेऊन गेले. बाईंनी वाचलं, पुढचं पान. स्वच्छ! एकही शिट्टी नाही. बाई खूश झाल्या. "झालं बाई एकदाचं," म्हणाल्या आणि पुस्तक मिटायला लागल्या. पहारेकऱ्याच्या मुलाचा निरोप तेवढ्यात भिंतीवरून आत येऊन पडला होता.

आता काकांना विचारता आलं असतं की बाई, पुढे काय झालं? साधा प्रश्न. पण आमच्या काकांना साधं काही विचारायचं म्हणजे दातखीळ बसते. कवळी करायला आलेला माणूस, त्यानं राजेमहाराजांच्या चौकशा कशा करायच्या? ते म्हणाले, "जरा पॉलिश कमी वाटतंय. एकदा हात फिरवून आणून देतो."

आणि घरी येऊन त्यांनी हात फिरवला. ज्या माणसानं वीस वर्षांत एक दात वाकडा जाऊ दिला नाही त्यानं, घासायच्या यंत्राची बारीक टोकाची सुई घेऊन, त्या गुळगुळीत टाळूवर मुद्दाम एक खळगा पाडला.

"मला घाम फुटला होता," काका मला म्हणाले. "चोरी केल्यासारखं वाटत होतं. पण त्या पोरानं निरोपात काय लिहिलं होतं ते कळल्याशिवाय मला झोप येईना."

पुढच्या गुरुवारी शिट्टी वाजली. बाईंनी कपाळाला आठी घातली आणि खात्री करायला म्हणून आणखी दोन पानं वाचली.

हे असं चालू झालं. काका कवळी दुरुस्त करायचे, आणि कधी दुरुस्त करता करता दुसरीकडे बिघडवायचे. ती त्यांच्याकडे असली की बाई जुनी ढिली कवळी लावून दिवस काढायच्या. दर गुरुवारी काका भांग पाडून जायचे. इथे काकू आली गोष्टीत.

"मी काय समजायचं?" काकू म्हणाली. "ज्या माणसाला सणासुदीला सांगावं लागतं की अहो भुवया झटका, तो दर आठवड्याला आरशासमोर! विचारलं तर म्हणे, दात करायला जातो. म्हटलं, दात करायला जातो की दात काढायला?" शेवटी एके गुरुवारी ती मागोमाग गेली. दार उघडंच होतं. आत बघते तर खिडकीत एक म्हातारी, तोंडाचं बोळकं, कवळी काकांच्या हातात, आणि काका चिमट्यानं तिच्यावरचा कसलासा कण काढतायत. "तशीच परत फिरले. म्हटलं, सवतीचे दात यांच्या खिशात आहेत तोवर मला धोका नाही."

त्या गुरुवारांत बोलणंही व्हायचं थोडंफार. काकांनी एकदा विचारलं की हा एवढा संच तुम्ही कसा जमवला? तेव्हा बाईंनी सांगितलेलं काकांना शब्दनशब्द आठवतं. "एक्स्चेंजमध्ये लाइन जोडून दिली की कान काढून घ्यायचा, असा नियम होता. कुणी हॅलो म्हणे, कुणी रडायला लागे, कुणी म्हणे, ऐक, तुला एक सांगायचंय, आणि तिथेच मला बाहेर पडावं लागे. आयुष्यभर नुसत्या सुरुवाती ऐकल्या. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, आता अशी गोष्ट घ्यायची की जी मला मधेच तोडावी लागणार नाही. दुकानदार म्हणाला, याहून लांब माझ्याकडे काही नाही." पहिले चार खंड त्यांनी एकटीनं वाचून काढले होते. "तुम्ही अगदी मधे आलात," त्या काकांना म्हणाल्या. "पहिल्यापासून थोडक्यात सांगू का?"

"नको," काका म्हणाले. "आधी त्या वेढ्याचं होऊ दे."

मग एका गुरुवारी एक चमत्कारिक गोष्ट झाली. त्या आठवड्यात काकांकडे कामाचा ढीग होता आणि खळगा पाडायचं राहूनच गेलं. कवळी निर्दोष होती. देताना त्यांच्या लक्षात आलं आणि ते मनात म्हणाले, संपलं, आज एकच पान. पण दोन दिवसांनी डॉक्टरांकडून निरोप आला, बाईंची तक्रार आहे, शिट्टी वाजते.

काका चक्रावले. जाऊन त्यांनी कवळी दिव्याखाली धरली. खळगा होता, काकांनी शेवटचा पाडला होता अगदी त्याच जागी. पण काकांची सुई गोल फिरते, तिच्या खुणा गोल गोल असतात. या खुणा सरळ होत्या, एकीशेजारी एक, आखल्यासारख्या. काकांनी मान वर केली. टेबलावर बाईंची नखं घासायची कानस पडली होती आणि तिच्या दातऱ्यांत गुलाबी भुकटी अडकली होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, वाचा, कुठे वाजते ते ऐकू." काका हसले. "त्यांनी चार पानं वाचली त्या दिवशी."

दोघांनाही एकमेकांचं माहीत होतं, हे आता दोघांनाही माहीत होतं. आणि कुणी चकार शब्द काढला नाही. मला हे ऐकून हसू आलं. दोन शहाणीसुरती माणसं, एकाला ऐकायचं आहे, एकीला ऐकवायचं आहे, आणि तेवढं सांगायची लाज वाटते म्हणून मधे एक कवळी बिचारी झिजते आहे!

पण कवळीच्या तिसऱ्या बाजूला डॉक्टर होते. त्यांचा संयम संपला. एका सकाळी त्यांनी काकांना समोर उभं केलं. "एक कवळी! एक कवळी तुम्हाला धड जमत नाही? पलीकडच्या रस्त्यावर नवी लॅब आलीये, यंत्रं आहेत त्यांच्याकडे. शुक्रवारी मी स्वतः तुमच्याबरोबर येतो. माझ्यासमोर शिट्टी वाजली तर पुढचं सगळं काम त्यांना."

काका घरी आले आणि यंत्रापुढे बसले. माझी चुलत भावंडं तेव्हा शाळेत होती. डॉक्टरांचं काम गेलं तर दात कोरून पोट भरायची पाळी. त्यांनी ती कवळी अशी केली की तशी आधी केली नव्हती आणि पुढेही झाली नाही. पण खरी धास्ती वेगळीच होती. गुरुवारी कवळी बाईंच्या हातात द्यायची, डॉक्टर येणार शुक्रवारी. मधे एक रात्र. आणि बाईंच्या टेबलावर कानस.

कानस आवरा, असं सांगायचं कसं? सांगितलं म्हणजे सगळंच उघडं पडलं. त्यांची कानस आणि आपली सुई. मग कुठल्या तोंडानं तिथे पुन्हा जायचं? आणि नाही सांगितलं तर घरी काकूला काय सांगायचं?

गुरुवारी काकांनी कवळीची डबी बाईंपुढे ठेवली. खाली बघत म्हणाले, "उद्या डॉक्टर येणार आहेत. त्यांच्यासमोर तुम्हाला वाचायचंय. शिट्टी वाजली तर त्यांचं काम माझ्याकडून जाईल."

"अस्सं," बाई म्हणाल्या. एवढंच. त्या दिवशी त्यांनी पुस्तकही उघडलं नाही.

शुक्रवारी डॉक्टर चार जिने चढून धापा टाकत आले. बसलेही नाहीत. बाईंनी पाचवा खंड घेतला, चष्मा लावला. काका दाराजवळ हातात पिशवी धरून उभे. बाईंनी जे पान काढलं त्यात समुद्र होता, सैन्य होतं, सकाळ होती आणि सात शिड्या होत्या. एकेका स ला काकांचा जीव वरखाली होत होता. पहारेकरी किल्ल्या घेऊन दरवाजाकडे निघाला. बाहेर मुलगा उभा. आत उपाशी शहर. बाईंचा आवाज स्वच्छ, खणखणीत, जुन्या लाइनवरून यायचा तसा. पहारेकऱ्यानं किल्ली कुलपात घातली आणि...

"बास, बास!" डॉक्टर म्हणाले. "उत्तम. काही दोष नाही. मिटलं एकदाचं." आणि ते जिना उतरायलाही लागले.

काम वाचलं होतं. काकांना खरं तर हलकं वाटायला हवं होतं. पण आता या घराच्या पायऱ्या चढायला निमित्त उरलं नव्हतं. निर्दोष कवळी, समाधानी पेशंट, समाधानी डॉक्टर. पहारेकऱ्याचा हात कुलपावर होता तो तसाच राहणार. काकांनी पिशवी खांद्याला लावली. "येतो बाई."

बाईंनी दोन बोटांनी कवळी काढली, शेजारच्या वाटीतल्या पाण्यात सोडली, आणि पाचवा खंड उलटा करून काकांपुढे धरला. बोळक्या तोंडानं त्या बोलल्या ते काकांना नीट कळायला क्षणभर लागला.

"ऐकायला दात लागत नाहीत. आता तुम्ही वाचा."

"मला? मला असं मोठ्यानं नाही वाचता येत, बाई."

खालून डॉक्टरांनी गाडीचा हॉर्न वाजवला.

"गुरुवारी या," बाई म्हणाल्या.

काका त्या संध्याकाळी पुस्तकांच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदाच. बाई पुस्तक उसनं देत नसत, आणि बोट ठेवून, अडखळत, शाळेतल्या पोरासारखं त्या आवाजापुढे वाचायची काकांची तयारी नव्हती. सराव करायला हवा होता. दुकानदारानं विचारलं, पहिल्यापासून देऊ का? काका म्हणाले, "पाचवा द्या."

आठवडाभर ते मागच्या खोलीत दार लावून मोठ्यानं वाचत होते. समोर भिंतीवर जबड्यांच्या रांगा, सगळे श्रोते एकजात तोंड उघडून बसलेले. काकू म्हणते, तिला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. गुरुवारी ते गेले. बाईंनी कवळी काढून वाटीत ठेवली, मान खुर्चीला टेकवली आणि काकांनी दरवाजा उघडला. म्हणजे पहारेकऱ्यानं उघडला. कुणासाठी, ते मी सांगत नाही. मला काकांनीही सांगितलं नाही, म्हणाले, "पाचव्या खंडात आहे."

पाचवा संपत आला तेव्हा सहाव्याचा सराव हवा होता. म्हणून सहावा आला. मग सातवा. असा आला माझ्या काकांकडे जगाचा इतिहास. आता मला लोकांना विचारत फिरायचं कारण उरलं नाही.

"आणि हे चार?" मी माझ्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "हे का नाही घेतले?"

काकांनी फळीकडे बघितलं. मग म्हणाले, "ठरलं होतं आमचं. बारावा झाला की मागे जायचं, पहिल्यापासून. पहिला खंड मी वाचेन, असं बाई म्हणाल्या होत्या. तेवढ्यापुरती घालीन कवळी, म्हणाल्या. तुम्ही तुमचं काम ऐका एकदा नीट." त्यांनी चष्मा काढला. "बाराव्याची थोडीच पानं राहिली होती. गुरुवारी गेलो तर दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, बाई गेल्या. सामान पुतण्या घेऊन गेला होता."

घरी येऊन काकांनी बाराव्याची उरलेली पानं वाचली नाहीत. भिंतीवरच्या रांगेतून बाईंचा जबडा काढला आणि फळीच्या तोंडाशी ठेवला. एका दाताची फट ज्याला कधी सोसली नाही त्या माणसानं चार खंडांची फट इतकी वर्षं जपून ठेवली, कारण ते चार वाचायची पाळी बाईंची होती.

मी तो गठ्ठा परत दोरीनं बांधायला लागले. मला स्वतःचा राग येत होता. कुणी सांगितला होता हा शहाणपणा?

"राहू दे," काका म्हणाले.

ते उठले. जबडा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि बाराव्याच्या पलीकडे, फळीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. एक ते चार स्वतः जागेवर लावले, बोटानं दाबून रांग सरळ केली. मग पहिला परत बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"अहो, तिला कारखान्यातून आल्यावर घरी जायचं असेल," काकू म्हणाली.

"तू जरा पाण्याची वाटी दे."

काकूनं वाटी आणून दिली. काकांनी स्वतःच्या हातानं केलेली स्वतःची कवळी काढली आणि पाण्यात सोडली. गाल आत गेले आणि ते एकदम फार म्हातारे दिसायला लागले. मान खुर्चीला टेकवून त्यांनी डोळे मिटले.

मी पहिलं पान वाचलं. नदी होती, नदीकाठी चार झोपड्या होत्या, अजून राजा नव्हता की वेढा नव्हता. पान संपलं तशी मी थांबले. काकांना झोप लागली असेल असं मला वाटलं.

"पुढे?" काका म्हणाले.

मी पान उलटलं.